पहिल्या रविवारची तजवीज: ठाण्याहून जर्मनीला निघालेल्यांसाठी

आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमधली तिसऱ्या मजल्यावरची मुलगी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी ड्युसेलडॉर्फला चालली आहे. त्याच शहरात मी सात वर्षं काढली, म्हणून रोज संध्याकाळी ती वही घेऊन माझ्याकडे येते. आल्या आल्या तिचा पहिला प्रश्न होता, "काकू, पॅरिसला कुठल्या वीकेंडला जाऊ?" मी म्हटलं, पॅरिस कुठे पळून जात नाही. तू आधी हे सांग, पोहोचल्यानंतरच्या पहिल्या रविवारी काय करणार आहेस?

तिला प्रश्नच कळला नाही. २०१७ साली मलाही कळला नसता. मी शुक्रवारी रात्री उतरले, शनिवार झोपेत गेला आणि रविवारी सकाळी पिशवी घेऊन दूध आणायला खाली गेले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानाला कुलूप, पलीकडच्या दुकानालाही कुलूप. गोखले रोडवर अशी शांतता मी फक्त 'बंद'च्या दिवशी पाहिलेली, त्यामुळे मला खरंच वाटलं की इथेही कुणीतरी बंद पुकारलाय. घरी येऊन आईने दिलेला चिवडा बिनदुधाच्या चहाबरोबर खाल्ला आणि संध्याकाळी चारच्या सुमारास, बाहेर अंधार पडायला लागल्यावर, पोटभर रडले.

जर्मनीत रविवारी दुकानं कायद्याने बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनातली आणि विमानतळावरची दुकानं, पेट्रोल पंप आणि सकाळचे काही तास बेकरी, असं मोजकंच उघडं. सोमवार ते शुक्रवार ऑफिस तुम्हाला सांभाळतं, शनिवार बाजारहाटात जातो. एकट्या माणसाला खातो तो रविवार. म्हणून मी तिला सगळं शिकवतेय ते रविवारपासून मागे मोजत: तो दिवस मोकळा आणि आनंदाचा जावा म्हणून आधीचे सहा दिवस कसे लावून घ्यायचे. तुम्हीही याच क्रमाने वाचा.

बॅगेत काय भरायचं नाही

आधी नकार. भारतातून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा, चक्का, सगळं इथेच. ताजी फळं आणि पाला यांना २०१९ च्या डिसेंबरपासून वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. हापूस त्यात नाही. कढीपत्त्याची जुडीही नाही. आईला हे आधीच समजावून सांगा, नाहीतर विमानतळावर निघताना शेवटच्या क्षणी साजूक तुपाची बरणी हातात येते आणि मग ती कुणी घ्यायची यावरून घरात रुसवेफुगवे होतात.

गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, आमसुलं, भाजणी, हे सगळं खुशाल न्या. तूरडाळ, पोहे, साबुदाणा भरून वजन वाढवू नका. भारतीय आणि एशियन दुकानांत ते मिळतं, आणि कोथिंबीर-पुदिन्याच्या जुड्या तुर्की भाजीवाल्याकडे भरघोस मिळतात.

कुकर नेणार असाल तर स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा घ्या. तिथे बहुतेक घरांत गॅस नसतो, काचेची सपाट शेगडी असते आणि ती इंडक्शनची निघाली तर ॲल्युमिनियमचा कुकर नुसता शोभेला राहतो. सोबत रिंग आणि शिट्टी जास्तीची घ्या. रिंग फाटली तर त्या मापाची तिथे मिळत नाही, आणि एका सत्तावीस रुपयांच्या का चाळीस रुपयांच्या रबरासाठी मी सहा आठवडे उघड्या पातेल्यात डाळ शिजवली आहे. तवा लोखंडी, बूड सपाट. आच नसल्यामुळे फुलका थेट फुगवता येत नाही, तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायची सवय करा.

मिक्सर न्या. विजेचा दाब दोन्हीकडे सारखाच आहे, फक्त आपली तीन जाड पिनांची प्लग तिथे बसत नाही, त्यासाठी चांगल्यापैकी अडॅप्टर लागतो. चष्म्याची दुसरी जोडी आणि दाताची कामं ठाण्यातच उरकून घ्या. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट ठेवा. थंडीचं जाकीट मात्र इथे घेऊ नका. राम मारुती रोडवर मी घेतलेलं जाकीट दिसायला देखणं होतं, नोव्हेंबरच्या वाऱ्यात ते मलमलीसारखं वागलं. उतरण्यापुरतं काहीतरी अंगावर असू द्या आणि खरं जाकीट तिथेच घ्या.

पहिले पंधरा दिवस

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं एक पत्र लागतं की हा माणूस माझ्याकडे राहायला आला आहे. खोली बघतानाच विचारा, "नोंदणीसाठी पत्र देणार ना?" नाही म्हणाला तर खोली कितीही छान असू दे, पुढे चला. नोंदणी नाही तर पुढची निम्मी कामं अडतात.

आता नीट वाचा, कारण यात माझा पहिला पगार अडकला होता. आपल्याकडे पाकिटावर 'फ्लॅट नंबर ३०२' लिहिलं की पोस्टमन बरोबर येतो. तिथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो, असतं ते नाव. पत्रपेटीवर आणि घंटीवर आडनाव नसेल तर पत्र परत जातं, विषय संपला. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचंच नाव होतं. मला वाटलं, मालक बदलेल. मालकाला वाटलं, मी बदलेन. नोंदणीनंतर पोस्टाने कराचा नंबर येतो, 'श्टॉयर-आयडी'. तो आला आणि परत गेला. हा नंबर नसेल तर कंपनीला तुमचा कर सगळ्यात चढ्या गटात, म्हणजे सहाव्या गटात, कापावा लागू शकतो. पगाराची चिठ्ठी बघून मला वाटलं, कुणा दुसऱ्याचीच आली. जास्तीचे पैसे नंतर परत मिळाले, पण तो महिना मी मोजून मापून ब्रेड खाल्ला. तेव्हा किल्ली हातात आली की, बॅग उघडण्याच्याही आधी, कागदावर आडनाव लिहून पेटीवर चिकटवा. नुसतं आडनाव. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असतं, ते सगळं लिहायला गेलात तर पट्टी पेटीपेक्षा लांब होते.

बाकी कागदपत्रं भराभर. भाड्याचे दोन आकडे असतात: 'काल्टमीटं' म्हणजे नुसतं घर, 'वार्ममीटं' म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकी. काही घरांत स्वयंपाकघर म्हणून फक्त चार भिंती आणि नळाचं तोंड असतं, ओटासुद्धा आधीचा भाडेकरू उचलून नेतो, त्यामुळे फोटो बघून खात्री करा. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६ युरो, दर घरामागे द्यावीच लागते, टीव्ही असो नसो. ते पत्र आलं की फसवणूक समजून फाडू नका. दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं तर भरून देणारा 'हाफ्टप्फ्लिष्ट' विमा पहिल्याच महिन्यात घ्या. तातडीची ॲम्ब्युलन्स ११२, रात्री-अपरात्री ताप आला तर डॉक्टरसाठी ११६११७. भारतीय लायसन्सवर गाडी सहा महिने चालवता येते, पुढे तिथली परीक्षा.

फोडणी, बुरशी आणि चटणी

जर्मन घरांत झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुराचा अलार्म लावणं बंधनकारक आहे. स्वयंपाकघरात तो सहसा नसतो, पण पॅसेज तिथून चार पावलांवर. मी तिसऱ्या दिवशी लसणाची फोडणी दिली, तेल जरा जास्त तापलं होतं, आणि अख्ख्या मजल्याला कळलं. फोडणीच्या आधी तीन गोष्टी: चिमणी चालू, खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद. मोहरी त्याच्या नंतर.

खिडकीचंही शास्त्र आहे. थंडीत दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची, मग घट्ट बंद. घरं इतकी हवाबंद असतात की भाताची वाफ आणि वाळत घातलेले कपडे भिंतीवर बुरशी धरतात. आपल्याला पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी बघायची सवय असते, आपण पुसतो आणि पुढे जातो. तिथे तीच बुरशी घर सोडताना अनामतीतून कापली जाते.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी दिवसभर. ड्रिल नाही, हातोडा नाही, काचेच्या बाटल्या टाकणंसुद्धा नाही. मी एका रविवारी सकाळी साडेआठला ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली. संध्याकाळी दारात एक चिठ्ठी होती, वळणदार अक्षरात, 'आदरणीय शेजारीणबाई' अशी सुरुवात करून: आपल्याकडे सुतारकाम सुरू आहे का, असल्यास ते सोमवारी करता येईल का? मी दुसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन माफी मागायला गेले. खालच्या मजल्यावरच्या आजी. त्यांनी एक शंकरपाळं खाल्लं, दुसरं खाल्लं आणि विचारलं, "हे त्या यंत्रात करता का?" तेव्हापासून माझी चटणी शनिवारी रात्री आठच्या आत वाटून फ्रिजमध्ये जायची.

कचरा चार-पाच ठिकाणी वेगळा होतो. पिवळ्या डब्यात पॅकिंग, निळ्यात कागद, तपकिरीत भाजीपाल्याचा ओला, काळ्यात उरलंसुरलं. काच रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत, पांढरी, हिरवी आणि तपकिरी वेगवेगळी.

शनिवार हा बाजाराचा

सकाळीच बाहेर पडा, दुपारनंतर जांभळी नाक्यावर दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी होते. ट्रॉली सोडवायला एक युरोचं नाणं लागतं. कापडी पिशव्या घरून न्या. काउंटरवरची बाई वस्तू इतक्या वेगाने सरकवते की आपण पाकीट काढेपर्यंत ढीग होतो. आधी सगळं ट्रॉलीत लोटायचं, मग बाजूला जाऊन भरायचं.

रिकाम्या बाटल्या टाकू नका. प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये बाटली घातली की परत मिळते. बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट. एका मोठ्या पार्टीनंतर त्या बाटल्यांवर माझी आठवड्याची भाजी निघाली होती.

आता तूप. हे सविस्तर सांगते, कारण बाजारात तयार तूप महाग आणि त्याला आपला वास नाही. बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या वडीत मिळतं. पाकिटावर दोन प्रकार दिसतील: गोड सायीचं आणि आंबवलेल्या सायीचं. आंबवलेलं घ्या, 'झावररामबुटर'. आपण विरजण लावून काढतो त्या लोण्याच्या जवळचं तेच. चार वड्या जाड बुडाच्या पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवा, झाकू नका. आधी फेस येईल, मग कडकड आवाज. आवाज हळूहळू बारीक होत थांबायला आला, तळाशी बेरी बदामी झाली आणि वर स्वच्छ सोनेरी दिसायला लागलं की लगेच शेगडीवरून उतरवा. काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, तिथेच ठेवलंत तर बेरी करपते. किलोभर लोण्याचं साधारण आठशे ग्रॅम तूप होतं. बेरीत साखर घालून खायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि श्रीखंड. चक्क्यासाठी दही टांगत बसायचं कारण नाही, तिथे 'क्वार्क' मिळतं. डब्यावर चरबीचे आकडे असतात, ४० लिहिलेलं घ्या, बिनचरबीचं घेतलंत तर खडूसारखं लागतं. फडक्यात बांधून दोन-तीन तास टांगा, पिठीसाखर, वेलदोडा, केशर, चिमूटभर मीठ, आणि गाळणीतून एकदा काढा. पाडव्याला कौपिनेश्वरापासून निघणारी स्वागतयात्रा मी फोनवर बघायची आणि हातात क्वार्कच्या श्रीखंडाची वाटी असायची. फोनवरून आठवलं: मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. उन्हाळ्यात आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेचारचं. आईला हे एकदा सांगून चालत नाही, वर्षातून दोनदा सांगावं लागतं.

रविवार

आता त्या वहीतल्या मुख्य पानावर येऊ. 'डॉइचलांड-टिकीट' नावाचा महिन्याचा पास आहे. १ मे २०२३ ला सुरू झाला तेव्हा ४९ युरो होता, २०२५ मध्ये ५८ झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३. अख्ख्या देशातल्या बस, ट्राम, मेट्रो, लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो. वेगवान आयसीई आणि आयसीला चालत नाही. आपल्या भाषेत, लोकल-पॅसेंजरला चालतो, राजधानीला नाही. रोज ऑफिसला जायला तुम्ही तो घेणारच आहात. म्हणजे रविवारची भटकंती त्यातच आली, वर एक पैसाही नाही. दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो, बंद करायचा तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवा.

स्टेशनात गेट नसतात. ठाण्यासारखंच आहे, सरळ फलाटावर जाता येतं आणि टीसी कधी साध्या कपड्यात शेजारीच बसलेला असतो. बिनतिकिटाचा दंड ६० युरो. सुटं तिकीट काढलंत तर काही ठिकाणी ते मशीनमध्ये शिक्का मारून घ्यावं लागतं, नुसतं खिशात असून भागत नाही.

गाडीत चढताना डब्यावरची पाटी वाचा, ही माझी कळकळीची विनंती. कल्याणला कर्जत आणि कसारा असे दोन फाटे फुटतात हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक, पण गाडी तरी अख्खी एकीकडे जाते. तिथे एकच गाडी मधल्या स्टेशनात कापतात, पुढचा अर्धा भाग एका गावाला आणि मागचा दुसऱ्या. माझ्या पहिल्याच सहलीत मी मागच्या अर्ध्यात होते. घोषणा जर्मनमध्ये झाली, समोरचे आजोबा उठून पुढे गेले, मी तिखटमिठाच्या पुरीचा घास घेत बसून राहिले. नदी बघायला निघालेली मी एका साखर कारखान्याच्या गावी पोहोचले.

वेळापत्रकात तीन रकाने असतात: सोमवार ते शुक्रवार, शनिवार, आणि रविवार-सुट्टी. खेड्यातली बस रविवारी दोन तासांतून एकदा येते, किंवा येतच नाही. मी चुकून पहिला रकाना वाचून एका गावात पावसात दोन तास उभी होते, छपराखाली मी आणि एक सायकल. तेव्हापासून जायच्या गाडीआधी परतीची गाडी बघते.

कुठे जायचं? पहिल्या रविवारी व्हेनलो. ड्युसेलडॉर्फहून आरई-१३ नावाची गाडी सुमारे तासाभरात सीमेपलीकडच्या या डच गावात नेते आणि हाच पास तिथल्या स्टेशनापर्यंत चालतो. कारण साधं: तिथे रविवारी दुकानं उघडी असतात. माणसं रस्त्यावर असतात, पोरं रडत असतात, कुणीतरी कुणाला हाक मारत असतं. मास नदीकाठी बसा आणि बटाट्याचे गरम काप शेंगदाण्याच्या सॉसबरोबर मागवा. डच लोक इंडोनेशियातून हा सॉस घेऊन आले. आपल्या तोंडाला तो पातळ केलेल्या दाण्याच्या चटणीसारखा लागतो, जरा गोडसर. परदेशातल्या पहिल्या रविवारी एवढं पुरतं.

दुसरा रविवार वुपरटालला. ड्युसेलडॉर्फहून लोकलने अर्ध्या तासाच्या आत. तिथे नदीच्या डोक्यावरून उलटी लटकत जाणारी रेल्वे आहे, १९०१ पासून, १३.३ किलोमीटर. घोडबंदर रोडवर आपली मेट्रो खांबांवर चढते, ही खांबांना टांगलेली. शेवटच्या डब्यात मागच्या काचेला नाक लावून बसा, वळणावर डबा पाळण्यासारखा झुलतो. १९५० मध्ये एका सर्कसने जाहिरातीसाठी 'टुफी' नावाचं हत्तीचं पिल्लू या गाडीत चढवलं. ते बिथरलं आणि भिंत फोडून खालच्या वुपर नदीत पडलं. किरकोळ खरचटण्यावर निभावलं. काठावरच्या एका भिंतीवर त्या पिल्लाचं चित्र आहे असं ऐकून मी दोन रविवार शोधलं, सापडलं नाही, पण त्या निमित्ताने गाव पायाखालून गेलं.

कोलोनला गेलात तर कॅथेड्रल स्टेशनच्या दारातच उभं आहे, चुकायची सोय नाही. १५७ मीटर उंच. दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही. उतरताना मांड्या बोलतात. १२४८ मध्ये बांधायला घेतलं, मध्ये जवळजवळ तीनशे वर्षं काम बंद, आणि १८८० मध्ये पुरं झालं. ठाण्यातल्या उड्डाणपुलांवर चिडणाऱ्यांनी जरूर बघावं. ड्युसेलडॉर्फकर आणि कोलोनकर यांचं आपापसात ठाणेकर-डोंबिवलीकरांसारखं आहे, एकमेकांच्या बिअरला नावं ठेवतात. तुम्ही तटस्थ राहा.

कोलोनला गाडी बदलून ऱ्हाइनच्या काठाने क्योनिग्सविंटरला जा. तिथली द्राखेनफेल्स टेकडी ३२१ मीटरची, म्हणजे येऊरला पहाटे चढणाऱ्याला काहीच नाही. दमलात तर १८८३ पासून चालणारी दात्यांची रेल्वे आहे. आखेनला शार्लमेन या मध्ययुगीन सम्राटाचं कॅथेड्रल, आणि तिथून जवळ जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम मिळतात तो बिंदू. एक पाय इकडे, एक तिकडे, आणि डबा तिसऱ्या देशात ठेवून मी दशमी खाल्ली आहे. लांबचा वीकेंड मिळाला तर लक्झेंबर्ग: २०२० पासून त्या देशात बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे सगळ्यांना फुकट.

सीमा ओलांडताना मूळ पासपोर्ट आणि रहिवासी कार्ड दोन्ही जवळ हवेत, फोनमधला फोटो नाही. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली आहे, येताना पोलीस गाडीत चढतात. जर्मन कार्डावर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपियन देशांत, १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये आहे. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. माझ्या एका मैत्रिणीला लंडनच्या विमानात चढताच आलं नाही, हॉटेलचे पैसेही गेले.

स्वस्त विमानाचं तिकीट दिसलं की विमानतळ नकाशावर बघा. 'फ्रँकफुर्ट-हान' हा विमानतळ फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. ठाणं म्हणून इगतपुरीच्या पुढे उतरवण्यातला प्रकार. पॅरिसला रेल्वेनेच जा, कोलोनहून साडेतीन तासांच्या आत पोहोचते, तिकीट दोन-तीन महिने आधी काढलं तर परवडतं. लांबच्या गाडीला तासाभराहून जास्त उशीर झाला तर युरोपच्या नियमाने भाड्याचे २५ टक्के मागता येतात, दोन तासांवर ५०. अर्ज करायचा कंटाळा करू नका, तिथे मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

सुट्ट्या राज्यागणिक वेगळ्या असतात. १ नोव्हेंबरला ड्युसेलडॉर्फला सुट्टी, बर्लिनला नाही. गुरुवारी सुट्टी आली की मधला शुक्रवार सगळे घेतात, त्याला 'पुलाचा दिवस' म्हणतात. जानेवारीतच कॅलेंडर समोर ठेवून असे शुक्रवार मागून ठेवा, मार्चमध्ये मागितलेत तर आधीच कुणीतरी नेलेले असतात. आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी सामान भरा, कारण सुट्टीलाही दुकानं बंदच.

डबा घरून न्या. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटली भरून घ्या. खिशात ५० सेंट आणि एक युरोची नाणी ठेवा, स्टेशनवरचं स्वच्छतागृह फुकट नाही.

काल रात्री त्या मुलीच्या घरी बॅग वजनकाट्यावर ठेवली. विमानात २३ किलो चालतं, काटा २४.६ दाखवत होता. तिच्या आईने साबुदाण्याचं पाकीट काढलं, मग पोहे, मग अगदी नाराजीने लोणच्याची दुसरी बरणी. २२.९. मग ती हळूच म्हणाली, "काकू, कुकरची जास्तीची रिंग काढू का?" मी बॅगेची चेन लावून टाकली.